एक किलोला एक किलो

माझ्या सासुरवाडीत विज्ञानावर कुणाचाही विश्वास नाही. विळ्यावर आहे.

मी नवीन जालन्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं नववीला स्थिर प्रमाणाचा नियम शिकवतोय. पाणी विहिरीचं घ्या नाहीतर टँकरचं, त्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचं वजन एकास आठच असणार! आणि अशा माझ्यासमोर, अंबडजवळच्या मोसंबीच्या बागेत, माझा मेहुणा दत्ता बोर्डो मिश्रणात चक्क घमेल्यानं, अंदाजपंचे चुना टाकायला निघाला होता. (मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं हे निळं औषध बुरशीवर फवारतात. चुना कमी पडला तर पानं करपतात.) झाडं नुकतीच पालवली होती. वर्षाचं सगळं पीक त्या कोवळ्या पानांवर होतं.

"थांब!" मी ओरडलो. "एक किलो मोरचुदाला एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तेही मोजून!"

"दाजी, मी दरसाल असंच करून राह्यलो."

"म्हणून काय दरसाल चुकायचं?"

त्यानं आणलेला कळीचा चुना म्हणजे नुसती ओबडधोबड ढेकळं. असला माल मी तोलायचा? मी घरून आणलेली पिशवी काढली. दिवाळीच्या रंगकामातून उरलेला, मैद्यासारखा बारीक, पांढराशुभ्र चुना! शाळेच्या (तात्पुरत्या आणलेल्या) तराजूत ग्रॅमभराचाही फरक न ठेवता तोलला आणि बादलीभर पाण्यात ओतला.

सासूबाई बादलीत डोकावल्या. "जावईबापू, ह्यो उकळंना कसा? आमचा तर पाणी टाकलं की खदखदतो."

"चांगला चुना शांत असतो," मी ठणकावलं.

मोरचुदाचं पाणी आणि चुन्याचं पाणी ड्रममध्ये एकत्र झालं. तेवढ्यात दत्तानं विळा काढला. लोखंडी विळा मिश्रणात बुडवायचा, त्यावर मोरचुदातल्या तांब्याचा थर चढला तर चुना कमी, ही यांची परीक्षा. असा संताप आला मला! तोलून-मापून केलेल्या मिश्रणाची परीक्षा विळा घेणार?

"बुडव!"

विळा तांबडा होऊन वर आला.

"विळा खराब आहे," मी म्हणालो.

मग दुसरा विळा बुडवला. तोही तांबडा! खुरपं, तांबडं! मी हट्टानं कुऱ्हाडसुद्धा बुडवली.

"अहो, पुरे करा," बायको म्हणाली. "आईच्या घरात एक तरी लोखंडाचं राहू द्या."

"वजन बराबर आहे! नियम बराबर आहे! निसर्ग चुकत नाही!"

सासूबाईंनी पिशवीतली चिमूटभर पूड बोटांत चोळली. "हिचं तोंड कव्हापासून उघडं व्हतं?"

"दिवाळीपासून," बायको म्हणाली. "जिन्यात पडली व्हती. मी सतरा वेळा सांगितलं, बांधून ठेवा म्हणून."

उघड्यावरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. हे मी दरवर्षी शिकवतो. परीक्षेत हमखास विचारतो. नियम मोडला नव्हता, वजनही चुकलं नव्हतं. फक्त चुना समजून मी मोरचुदात एक किलो खडू कालवला होता!

दत्तानं आपल्या ढेकळांवर पाणी ओतलं. ती खदखदली. निवल्यावर त्यानं ते पाणी अंदाजानं, थोडं थोडं ड्रममध्ये सोडलं आणि घासून लख्ख केलेला विळा पुन्हा बुडवला. या वेळी तो जसाच्या तसा वर आला. बाग वाचली.

"मंग दाजी, फवारू का आता?"

"तुला काय करायचं ते कर," मी म्हणालो आणि तराजू पिशवीत भरला.

यंदा शाळेच्या प्रयोगशाळेच्या मागणीपत्रात मी एक नवी वस्तू लिहिली: विळा, लोखंडी, नग एक.

"मुलांसाठी का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "शिक्षकांसाठी."