विटेची गाडी

नववीच्या वर्गात टेबलावर दोन सारख्या गाड्या ठेवल्या होत्या. एक रिकामी, एकीवर वीट. दोघींचे दोरे कप्पीवरून खाली सोडून मी टोकांना सारखीच वजनं लटकवली. रिकामी सुर्रकन गेली, विटेची रेंगाळली.

“बाई, रिकामीच्या दोरीला तुम्ही जास्त वजन लावलंय,” पुढच्या बाकावरची सायली म्हणाली.

“नाही गं, बल दोघींना तेवढंच. या विटेच्या गाडीचं वस्तुमान जास्त, म्हणून त्वरण कमी.”

इतकी वर्षं हेच शिकवतेय. तरी धाकट्या बहिणीचे परदेशातले फोटो आले, की माझीही सायली होते. बाबांनी तिलाच जास्त जोर लावला असणार, असं वाटून पोटात दुखायला लागतं. खरं तर त्यांनी दोघींना सारखंच शिकवलं. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि मी घरी थांबले, एवढंच. हेव्याला नुसता वेग दिसतो; कोणावर काय ठेवलंय, ते दिसत नाही.

“मग वीट काढा ना, बाई!”

काढली. गाडी अशी सुसाट सुटली, की पोरांनी टाळ्या पिटल्या. मला त्या गाडीचासुद्धा हेवा वाटला. वीट माझ्याच हातात होती.