माझ्या बापाचं मेंबरपण

नायना बसायला वाकले तसा शिपाई पुढं आला आणि त्यानं जाजमाचं टोक दुमडलं. नायना उघड्या फरशीवर बसले. शिपाई टोक दुमडेपर्यंत ते तसेच थांबले होते, त्यावरून मला कळलं की हे कमिटीच्या दर बैठकीला होतं.

"बसा मेंबर, बसा," कमिटीतले बडे कापूसवाले जमीनदार देशमुख म्हणाले. "जमीन सरकारची हाय. तिले विटाळ नाही."

जाजमावरचे सगळे हसले. नायनाही हसले.

बापाला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी दारात उभी होते. मान खाली घातली. कुठं तरी निघून जावंसं वाटलं.

आम्ही बापाला नायना म्हणतो. आमची बोली तेलुगू. आजोबा मद्रासी पलटणीत शिपाई होते. मूळ गावी त्यांच्या सावलीलाही माणसं बाजूला सरत. पलटणीनं त्यांना बंदूक दिली आणि कामठीच्या छावणीत आणलं. नायना तिथंच जन्मले. छावणीतल्या मिशनच्या शाळेत मला घातलं, म्हणून मला इंग्रजी येतं. घरात मी तेलुगू बोलते, बाजारात वऱ्हाडी. खरं तर मी फारशी बोलतच नाही.

अमेरिकेत लढाई लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नायना आधी अकोल्याला गेले, मग अमरावतीला आले. पाठीवर रुईच्या गठाणी वाहिल्या. पुढं हमालांचे मुकादम झाले. एकदा गठाणीखाली एक हमाल चिरडून मेला. अडत्यांनी प्रेत बाजूला ओढलं आणि काम चालू ठेवायला सांगितलं. नायना नुसते खाली बसले. त्यांच्या मागं सगळे हमाल बसले. अख्खा बाजार थांबला. शेवटी मेलेल्याच्या बायकोला मदत मिळाली. हा माणूस आपल्या हाताशी असलेला बरा, असं तेव्हाच्या साहेबाला वाटलं असावं. त्यानं नायनांना शहर कमिटीवर घेतलं.

नायनांना मेंबरपण हवं होतं ते विहिरीसाठी. हमालांच्या वस्तीला विहीर नाही. बाया नाल्यातल्या डबक्यातून पाणी आणतात. तेच पाणी पिऊन उन्हाळ्यात पटकी झाली. माझा धाकटा भाऊ त्यात गेला. त्याला पुरून आल्यावर नायना म्हणाले होते, "आता इहीर झाल्याशिवाय मी सोडत नाही."

त्या दिवशी विहिरीचाच निकाल होता. साहेब विलायतेहून नवा आलेला. कचेरीतला दुभाषी तापानं पडला होता. इथल्या मिशनच्या पाद्रीसाहेबांच्या मडमेनं माझं नाव सुचवलं. साहेबाच्या खुर्चीपासून चार हात दूर मला उभं केलं.

देशमुख बोलायला लागले. "सांग सायबाले. हे तेलंगे पाखरं हायेत. भाव हाय तवर राहतीन. कापूस उतरला का उडून जातीन. मंग इहीर खंदाची कोनासाठी?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. 'पाखरं' हा शब्द इंग्रजीत नेताना माझं तोंड कडू झालं.

साहेब म्हणाला, यांच्या मेंबरलाच विचार, हे खरं आहे का?

मी नायनांना विचारलं. त्यांनी आधी देशमुखांकडं पाहिलं. मग तेच हसू. "देशमुखसाहेब म्हंतेत ते बराबर हाय. सरकारच्या मर्जीनं जे होईन ते."

एवढंच मला साहेबाला इंग्रजीत सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, पण ते वाक्य येईना. अख्खा बाजार थांबवणारा माणूस फरशीवर बसून स्वतःला पाखरू म्हणवून घेत होता. ते मी माझ्या जिभेनं साहेबापुढं ठेवायचं?

मी ते सांगितलं नाही. इंग्रजीत म्हणाले, "माझे वडील भीतीनं हो म्हणताहेत. आम्ही कुठंही जाणार नाही. घाण पाणी पिऊन आमची माणसं मेली. माझा भाऊ मेला. आम्हाला विहीर हवी."

साहेबाच्या भुवया वर गेल्या. मग तो हसला. म्हणाला, तुझे उच्चार फार छान आहेत, कोणी शिकवले?

मेलेल्या भावाबद्दल मी बोलले आणि त्यानं माझे उच्चार ऐकले.

"पोरी," देशमुख म्हणाले, "तुह्या बापानं येवढंसं सांगतलं. तू इतकं काय बोलली सायबाले?"

नायना माझ्याकडं पाहत होते. डोळ्यांनी विनवत होते. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिथं दोन्ही भाषा येणारं दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा कळलं, मी धीट झाले ती देशमुखांना इंग्रजी कळत नव्हतं म्हणून. हेही नायनांसारखं फरशीवर बसणंच होतं.

मी म्हणाले, "मी म्हनलं, नायना तुमाले भेऊन बोलून राहिले. तुमचा कापूस आमच्या पाठीवरून गाडीत चढते. आमी पाखरं नाही. आमाले इहीर पायजे."

कोणी हसलं नाही.

देशमुख सावकाश म्हणाले, "मेंबर, पोरगी लय शिकवली तुमी."

विहीर नामंजूर झाली. पुढच्या बैठकीचं बोलावणं नायनांना आलं नाही. साहेबानं चौकशीसुद्धा केली नाही. आता बाजारातली पोरं त्यांना 'माजी मेंबर' म्हणून हाक मारतात.

घरी नायना म्हणाले, "अजून थोडं वाकलो असतो तर इहीर भेटली असती. तू घालवली." त्यानंतर ते माझ्याशी धड बोललेले नाहीत. ते चुकलेच असं मी म्हणू शकत नाही. वस्तीतल्या बाया अजून नाल्यावर जातात. भरलेली घागर घेऊन कोणी समोरून आली की मला मान वर करवत नाही.

पण त्या दिवशीचं नायनांचं ते वाक्य आज साहेबाला सांगायला लावलं तरी मी सांगणार नाही.

कमिटीच्या येत्या बैठकीला मी जाणार आहे. मला बोलावणं नाही. कोणाची दुभाषी म्हणूनही जाणार नाही. नाल्यावरच्या चार बाया यायला तयार आहेत, आणखीही येतील. साहेब खुर्चीत असो वा नसो, मी इंग्रजीत एक अक्षर बोलणार नाही. देशमुखांसमोर उभी राहीन आणि त्यांना कळेल अशा बोलीत विहीर मागीन. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी ते मला म्हणावं. मग त्याच्या पुढच्या बैठकीला मी परत येईन.