पोळ्यांच्या वेळचा वर्ग

घर अकोल्यात, शाळा मूर्तिजापूरच्या पुढं एका खेड्यात. सकाळची पासिंजर गाठायची तर सात-वीसला ऑटोत बसलंच पाहिजे. माझ्याकडं पहिलीचा वर्ग. माझ्या हातून एकही लेकरू न वाचता दुसरीत गेलेलं नाही, याचा मला भारी ताठा.

तो ताठा एका पालकसभेत उतरला. माझ्या लेकीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुमची मुलगी वाचत नाही. ऐकलेलं पाठ म्हणते." पोरगी दुसरीत! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी सासूबाई फाडकन बोलल्या, "लोकाईच्या लेकराईले शिकवते, अन् घरात दिव्याखाली अंधार. सोड ना ते नोकरी!"

राग आला, त्यांचा कमी, माझाच जास्त. म्हटलं, "नोकरी नाई सोडत, आई, अन् पोरीलेही नाई. उद्यापासून पोळ्या तुमी लाटा, शेकणं माझं."

साडेसहाला ओट्याजवळ स्टूल, स्टुलावर पोरगी, हातात पुस्तक. चार दिवसांत चोर सापडला. मीच! ती अडली रे अडली की शब्द मीच सांगून टाकायची. वर्गात एकेका लेकरापुढं मी कितीही वेळ थांबते; घरात डोळे घड्याळावर. बूट मीच घालायची, दप्तर मीच भरायची, वाचायचीही मीच. मग तिनं वाचावं तरी कशाला?

आता तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं. बापरे, किती जड गेलं! दोन-चार पोळ्या रोज करपायच्या. पण एकही दिवस खाडा केला नाही.

महिनाभरानं एक दिवस ती 'आजीने संत्री आणली' या ओळीत अडली. सात-वीस झाले. खाली ऑटोचा हॉर्न वाजला. शब्द माझ्या ओठावर आला.

"सांगू नको, आई!" ती ओरडली.

पुन्हा हॉर्न. सासूबाई लाटणं घेऊनच गॅलरीत गेल्या. "थांब ना बावा! पोरगी वाचून राह्यली!"

"सं... त्री. संत्री!"

डोळे भरून आले माझे. गाडी आता अर्थातच चुकणार होती. हेडमास्तरांची बोलणी खावी लागणार होती, तर खाऊ. पर्स उचलून जिना उतरत होते, तेवढ्यात वरून सासूबाईंनी हाक मारली, "उद्या पाच मिनिटं आधी उठवजो तिले. तुई गाडी नाई चुकली पायजे."