टाकीसाठी काढलेला ग्रुप

"मॅडम, फायनल झालंय. वाडीच्या नव्या टाकीला पाणी वरच्या झऱ्याचंच घ्यायचं. विहिरीवर मोटार नको, लाइट बिलाची झंझट नको," महेश फोनवर म्हणाला.

महेश मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. आमच्या पोलादपूर तालुक्यात वाडीवाडीचं असं मंडळ असतं, मुंबईला नोकरीला गेलेल्यांचं. गावात शेवटचा शब्द त्यांचा. मी ग्रामसेविका. पाणी जिथून घ्यायचं त्या जागेला आमच्या कागदांत 'उद्भव' म्हणतात, आणि तो ग्रामसभेत ठरतो. मंडळात नाही.

पण ग्रामसभेत बोलणार कोण? बायका गावकीच्या बैठकीतसुद्धा बोलत नाहीत, दाराबाहेर बसतात. विचारलं की माना खाली.

मग वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. वर सुप्रभात, खाली वाढदिवसाचा केक, मध्ये माझा बिचारा प्रश्न. मंडळाचे दोघे-तिघे टाइप करून भांडत होते, बाकीचे अंगठे दाखवत होते. डोकंच फिरलं माझं! वेगळा ग्रुप काढला, नाव 'टाकी'. टाइप करायचं नाही, बोलून पाठवायचं. आधी दुसऱ्याचं पूर्ण ऐकायचं. आणि घरटी एक बाई हवीच.

पहिला मेसेज आला गुलाबाच्या फुलाचा. त्या गृहस्थांना लगेच काढलं. संध्याकाळी परत घेतलं, कारण वाडी लहान आणि रुसवे फार.

बायका तरीही गप्प. ग्रामसभा तोंडावर आली आणि एका दुपारी वनिताचा आवाज आला. वनिता महेशची बायको, गावी सासऱ्यांपाशी राहते. सासरे धोंडूबाबा गावकीचे अध्यक्ष. त्यांच्यासमोर तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, वरचा झरा शिमगा झाला का आटतो. मंग टाकीत भरायचा काय? खालच्या विहिरीला बारमाही पाणी हाय. मुंबईवाले गणपतीला येतात, तवा झरा धो धो वाहतो. मे महिन्यात पोरांना घेऊन या म्हटला, तर पाणी नाय म्हणून येत नाय कोण. आम्ही वाट बघत बसतो."

लगेच महेशने टाइप केलं, "डिलीट कर."

सगळ्या वाडीने ते वाचलं. मीच हिला बोलायला लावलं आणि आता घरात बोलणी खाणार ही. तिला फोन लावणार, तेवढ्यात अजून एक आवाज आला. आधी खोकला, मग "चालू झाला काय?" धोंडूबाबा!

"महेश, ती डिलीट नाय करनार. झरा आटतो ते मला काय ठाव नाय? तुमचा शब्द मोडायला नको म्हणून गप होतो. चुकला माझा." मग म्हणाले, "वनिता, आणि काय सांगायचा असंल तर सांग गो. मी ऐकतो."

ती त्याच घरात, आत चुलीपाशी होती, हे मला नंतर कळलं. बाबांनी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

ग्रामसभेत विहिरीचा ठराव झाला. सभेसाठी गावी आलेल्या महेशनेच अनुमोदन दिलं, जरा घुश्शातच. आठवडाभराने त्याचा फोन आला.

"मॅडम, टाकीचं ठरलं ना? आता तो ग्रुप बंद करा."

"का रे?"

"बायका आता रेशन दुकानाबद्दल बोलायला लागल्यात. काल तर मंडळाचा हिशोबच मागितला."

लोकांना बोलायला जागा करून दिली की ते आपल्याला हवं तेवढंच बोलून थांबत नाहीत. ग्रुप मी चालू ठेवलाय.