मल्लाप्पाची अंबील

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एकच कादंबरी अकरा वर्षांत सात वेळा संपवणारा आमचा मित्र गुरुनाथ गेल्या महिन्यात ती आठव्यांदा न संपवताच निघून गेला. उदगीरजवळच्या त्याच्या गावाहून फोन आला, तेव्हा मी नांदेडात त्याच्याच चौथ्या प्रकरणावर लाल शाईने ‘पुन्हा तेच!’ असं लिहीत होतो... या माणसानं शेवटपर्यंत मला वाद पुरा करू दिला नाही.

खताच्या पिशवीत कागद कोंबून तो एसटीनं यायचा आणि माझ्या बायकोनं वाढलेलं ताट गार होईपर्यंत वाचत बसायचा. कादंबरीचा नायक मल्लाप्पा, पहिल्या पानापासून कोडगा. दर वर्षी नांगरताना थोरल्या भावाचा बांध वीतभर खायचा आणि वर भावाशीच बोलणं टाकायचं, हा त्याचा धर्म. मी कपाळावर हात मारून घ्यायचो. असल्या चोरट्या, कद्रू माणसासाठी कोण रडणार? त्याच्या हातून काही तरी चांगलं घडू दे की! मग पुढच्या खेपेला मल्लाप्पा कुत्र्याचं पिल्लू वाचवायचा. त्याच्या पुढच्या खेपेला तापानं फणफणून भावाचे पाय धरायचा. दोन्ही वेळा तो इतका गोड झाला की मलाच मळमळलं. गुरुनाथ कागद पिशवीत भरायचा. “तो तसा न्हाई, सर,” एवढंच म्हणायचा.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं येळवशीचं प्रकरण आणलं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर-उदगीरकडं सगळं गाव शेतात जेवतं, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून भाज्या-डाळींची भज्जी आणि ज्वारी-ताकाची अंबील वाढतात. मल्लाप्पा अंबिलानं भरलेली मातीची बिंदगी घेऊन कडब्याच्या खोपीत बसतो. बांधापलीकडं भाऊ. मल्लाप्पा दूरच्या रस्त्याकडं तोंड करून ओरडतो, “या हो जेवायला!” रस्त्यावर चिटपाखरू नाही. हाक कुणाला, हे दोघांनाही ठाऊक. पण नाव घेतलेलं नाही, म्हणून भाऊ मान वर करत नाही. भरली बिंदगी घरी नेली तर बायको ओळखेल, म्हणून मल्लाप्पा सगळी अंबील एकटाच पितो आणि दोन दिवस पोट धरून लोळतो. मी हसलो... आणि हसता हसता तेच पान त्याला पुन्हा वाचायला लावलं. ज्याच्यावर अकरा वर्षं डाफरलो, त्याची पोटदुखी थांबावी असं मला वाटायला लागलं होतं! चिडून विचारलं, मग सुधारला का? गुरुनाथ म्हणाला, “छ्या. पुढच्या नांगरटीला आणखी वीतभर.”

त्याच्या मातीला गेलो. शेतातच पुरलं त्याला. थोरले भाऊ बस्वण्णा बांधावर उभे होते. बांध कसला, पाऊल मावणार नाही एवढी रेघ उरलेली, आणि कोरलेली गुरुनाथच्या बाजूनं. अकरा वर्षं मी या माणसाला तोंडावर चोरटा, कद्रू म्हणत होतो आणि तो मान डोलवत ते लिहून घेत होता! एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?

तिसऱ्या दिवशी बस्वण्णांनीच विचारलं, तुमच्याकडं येऊन काय वाचायचा तो, आम्हालाबी ऐकवा. गुरुनाथच्या खोलीत, कोपऱ्यातल्या पालथ्या बिंदगीशेजारी बसून मी येळवशीचं प्रकरण वाचायला घेतलं. “या हो जेवायला!” ही हाक वाचली आणि मान वर केली. बस्वण्णा बिंदगीकडं बघत होते. मग एकदम त्या रिकाम्या भांड्यावरच खेकसले,

“नाव घेऊन हाक मारायची की रं, गुऱ्या! मी बी त्या दिवशी उपाशीच उठलो होतो.”