तिसरा नकार

दवाखान्याच्या पाटीवर त्यांचं पद चांगलं लांबलचक लिहिलेलं होतं, पण शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना सहीवाल्या काकूच म्हणत. कामच तसं होतं. आईबाप धर्मापायी तान्ह्या बाळाच्या उपचाराला नाही म्हणाले, की न्यायाधीशांच्या हुकुमाने ते बाळ काही तासांपुरतं काकूंच्या ताब्यात यायचं आणि आईबापाने करायची सही काकू करायच्या. एकोणीस वर्षांत अशा एकतीस बाळांच्या त्या पालक झाल्या होत्या. "आमच्या हिला एकतीस पोरं, पण मला चहा विचारायला एक नाही," असं त्यांचे यजमान येईल त्याला सांगत. हा विनोद काकूंनी इतक्यांदा ऐकला होता, की आता त्या चिडतसुद्धा नसत.

त्या दुपारी लिफ्ट बंद होती आणि बत्तिसावं बाळ नेमकं चौथ्या मजल्यावर. दोन दिवसांची मुलगी. आईचं आणि तिचं रक्त जुळत नव्हतं, कावीळ अंगभर पसरलेली. संध्याकाळच्या आत सगळं रक्त बदललं नाही तर कावीळ मेंदूत जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. बाप पंचविशीतला सुतार. दुसऱ्याचं रक्त अंगात घेणं म्हणजे देवाने दिलेला जीव बाटवणं, अशी त्यांच्या पंथाची शिकवण होती.

आता नियम असा, की अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा विचारायचं, तिन्ही नकार लिहून घ्यायचे आणि मगच न्यायाधीशांना फोन करायचा. कुणाचं मन कधी पालटेल सांगता येत नाही, म्हणून ही सोय. काकूंचं विचारणं तर नावाजलेलं होतं. आवाज कधी चढायचा नाही, कायद्याचा धाक नाही, घाई नाही. नव्या नर्सेसना ते मुद्दाम बघायला पाठवत, आणि काकूंनाही मनातून त्याचं बरं वाटे.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा सुतार "नाही" म्हणाला. दुसऱ्यांदाही म्हणाला, पण घसा खाकरून, आणि खाटेवरच्या त्याच्या बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा काकू गुडघे सांभाळत खुर्चीवर टेकल्या आणि कागद उघडणार, तोच त्याने हात आडवा केला.

"काकू, आता विचारू नका."

"नियम आहे हो."

"तुम्ही विचारलंत की मला नाही म्हणावं लागतं. पोरीसमोर दोनदा म्हणून झालंय. तुम्ही न विचारता घेऊन जा. मी आडवा येणार नाही."

इतक्या मायेने विचारतो आपण, असं काकू समजत होत्या, आणि त्या मायेने प्रत्येक बापाकडून त्याच्याच लेकराचं मरण तीन तीनदा वदवून घेतलं होतं. लाज वाटली त्यांना. एकोणीस वर्षांची लाज एकदम वाटली.

पण न विचारता लिहिलेला नकार म्हणजे खोटा कागद. उद्या कुणी बोट ठेवलं तर निवृत्तीला चार महिने उरले असताना चौकशी मागे लागणार. तरी काकूंनी तिसऱ्या रकान्यात "नकार" लिहिलं आणि तिथूनच फोन लावला. तिसऱ्यांदा विचारलंत का, असं न्यायाधीशांनी विचारलंच.

"विचारलं साहेब. नाही म्हणाले."

सुतार दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने मान खाली घातली.

रक्त बदलायला तीन तास लागले. काकू बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांना वेगळीच धास्ती होती. बाटलेलं लेकरू नको म्हणून आईबाप निघून गेल्याचं त्यांनी याआधी दोनदा पाहिलं होतं. सहाच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, आता भीती नाही म्हणाल्या. नर्सने मुलीला आत नेलं तर आईने तिला जवळजवळ ओढूनच घेतलं आणि छातीशी लावलं. काकूंनी ताबा परत दिल्याचा कागद केला, बापाची सही घेतली. एवढी एक सही मात्र त्याने लगेच केली.

त्या पुन्हा बाकावर येऊन बसल्या तर तो मागोमाग आला.

"काकू, साहेबांना तुम्ही खोटं सांगितलंत."

हा आता तक्रार करतो की काय?

"सांगितलं," त्या म्हणाल्या.

"आमच्यात खोटं बोलणं पाप आहे. तुम्ही ते माझ्यापायी केलंत. उद्या सकाळी आम्ही सगळे जमतो, तेव्हा तुमच्यासाठी देवाकडे क्षमा मागेन म्हणतो. चालेल ना? न विचारता दुसऱ्यासाठी मागत नाही आम्ही."

एरवी असल्या भक्ताला काकूंनी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या. त्यांचा स्वतःचा देवाशी संबंध केव्हाच सुटला होता. पण त्या दमल्या होत्या आणि बाकावरून उठता येत नव्हतं. सुताराने हात पुढे केला. तो धरून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागा."