डोहाळे पुरवायचे असतात

सासूबाई रोज सकाळी कणीक मळता मळता विचारायच्या, "काय खावंसं वाटतं गं? मनात ठेवू नको. डोहाळे नाय पुरवले तर बाळाचे कान फुटतात."

मी म्हणायची, "काही नाही हो आई."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्ष झालेलं, मला चौथा महिना, सातपूरला दोन खोल्यांचं घर आणि नवरा कारखान्यात शिफ्टला. सासूबाई निफाडकडच्या. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला त्या माझ्यासाठी काहीतरी आणायला सांगत. चिंचा झाल्या, बोरं झाली, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या झाल्या. मला त्यातलं काहीएक नको होतं. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नाच्या गडबडीत बुडालं होतं आणि मला ते पेपर द्यायचे होते, बस्स!

लग्न ठरवताना "शिकू देऊ की" असं सगळे म्हणाले होते. तसं सगळेच म्हणतात. नंतर मी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "पेपर देऊन काय कलेक्टर होणार हायेस? हे भिकेचे डोहाळे कशाला?" आणि आमचे हे, कशालाही "आईला विचार" म्हणणारे, बुटाची नाडी बांधत बसले. एक नाडी बांधायला किती वेळ लागतो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मी मराठी विषय घेतला होता. दुपारी ट्रंकेतून जुन्या वह्या काढून वाचत बसायची. एका वहीत मीच लिहून ठेवलेलं होतं : दोहद, म्हणजे डोहाळे. गर्भारशीच्या देहात दोन हृदयं असतात, म्हणून तिचं मागणं दोघांचं धरायचं. माझं पोट तेव्हा जेमतेम दिसत होतं. ते वाचून मी उगाचच रडले.

परीक्षेचा फॉर्म भरायला आठ दिवस उरले. सकाळी पुन्हा तोच प्रश्न आला, "काय खावंसं वाटतं?" आणि माझा ताबा सुटला.

"खायचं काही नाही! मला परीक्षेला बसायचंय. हेच डोहाळे आहेत माझे. पुरवायचे तर पुरवा, नाहीतर कान फुटले तर मला बोलू नका!"

सासूबाई आधी हसल्या. "असले डोहाळे असतात व्हय कुठं?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. परातीतला हात तसाच राहिला.

मला लगेच लाज वाटली. कान फुटण्यावर माझा विश्वास नव्हता, त्यांचा होता, आणि मी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. पण मागणं खोटं नव्हतं, अगदी देवाशपथ! दुसऱ्या दिवशी हे कामाला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "येताना हिचा तो फॉर्म आण. आणि विसरलो म्हणून सांगू नको."

एप्रिलमध्ये पेपर सुरू झाले तेव्हा मला सातवा महिना होता. "ऊन लय हाय, एकटी नाय जायचं," असं म्हणून सासूबाई प्रत्येक पेपरला माझ्याबरोबर आल्या. पहाटे चारला उठून डबा करायच्या, सातपूरहून बसने मला कॉलेजात न्यायच्या आणि तीन तास आवारातल्या लिंबाखाली बसून राहायच्या. मी बाहेर आले की आधी पाण्याची बाटली पुढे करायच्या, मग विचारायच्या, "जमलं?"

शेवटचा पेपर भाषेचा होता. परत येताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "आज काय आलं होतं?"

"ओढ म्हणजे काय ते लिहायचं होतं. त्याच अर्थाचे शब्द आणि त्यांच्यातला फरक."

"मग?"

"लिहिलं की. आस म्हणजे वाट बघायची तयारी असलेली ओढ. ध्यासाला तेवढा दम निघत नाही, तो कामाला लागतो. असोशीचं कितीही दिलं तरी पोट भरत नाही. आणि हुरहूर लागते तेव्हा नेमकं काय हवंय ते आपल्यालाच कळत नाही."

"आणि डोहाळे?"

"तेही लिहिलं. म्हटलं, ही एकच ओढ अशी आहे की जिच्याबद्दल लोक आपणहून विचारायला येतात."

मी सहज विचारलं, "तुमचे काय होते हो, ह्यांच्या वेळी?"

"मला कोण विचारतंय! बारा माणसांचं घर, त्यात द्राक्षाची तोड चाललेली." मग म्हणाल्या, "झोपेचे होते, बये. वाटायचं, एक दिवस दुपारी आडवं व्हावं आणि कोणी हाक मारू नये. खाण्याचं काय नाय वाटायचं."

ही बाई माझ्या पेपरांसाठी महिनाभर चारला उठत होती, आणि तिला काय हवंय ते विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

घरी आलो. त्या पदर खोचून ओट्याकडे निघाल्या तशी मी त्यांचा हात धरला. खाटेवर स्वच्छ चादर घातली, पंखा लावला. "अगं, कुकर लावायचाय," त्या म्हणाल्या. हे पहिल्या शिफ्टहून आलेच होते. मी ह्यांना म्हटलं, "कुकर तुम्ही लावा. आणि आईंना कोणी हाक मारायची नाही." ह्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तांदूळ निवडायला घेतले.

दिवेलागणीला सासूबाई दचकून उठून बसल्या. "अगं बाई, कोणी उठवलं कसं नाय मला?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, शिजलेल्या भाताकडे पाहिलं, आणि हळूच चादर पुन्हा अंगावर ओढली.

"अजून थोडं पडते," म्हणाल्या.